वेधशाळेतलं जुनं लंबकाचं घड्याळ इतकं अचूक कसं असायचं?

गिरणाकाठ (पाचोरा)
आमच्याकडे आजोबांच्या काळचं टोल्यांचं घड्याळ आहे. मे महिन्यात मागे पडतं, डिसेंबरात पुढे पळतं. रविवारी चावी देताना काटे सरकवायचे हा घरचा नेम. मोठे काका म्हणतात, लंबकाच्या घड्याळाकडून यापेक्षा जास्त अपेक्षाच करू नये.

परवा कोडाईकनालच्या वेधशाळेबद्दल वाचत होतो. तिथे लंडनच्या जॉन शेल्टननं केलेलं अठराव्या शतकातलं लंबकाचं घड्याळ आहे. आधी ते मद्रासच्या वेधशाळेत होतं आणि अजूनही चालतं म्हणे. याच शेल्टनचं एक घड्याळ १७६९ साली शुक्राचं अधिक्रमण (शुक्र सूर्याच्या तबकडीवरून सरकताना) बघायला कॅप्टन कुकबरोबर ताहितीला गेलं होतं.

प्रश्न असा: तारा कधी दिसला हे सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत लिहिणारी माणसं असल्या घड्याळावर विश्वास कसा टाकायची? का त्यांची घड्याळं मुळातच वेगळी होती?

भुसावळ_जंक्शन
मे महिन्यात भुसावळला माणसंच मागे पडतात, घड्याळाचं काय घेऊन बसलात भो.

घड्याळजी_अमळनेर
काकांचं निम्मं बरोबर आहे. लंबकाचा दांडा पोलादी असेल तर उन्हानं लांबतो. लांब झाला की झोका सावकाश होतो आणि घड्याळ मागे पडतं. हिशोब सोपा आहे: पोलादी दांड्याला एक अंश तापमान वाढलं की दिवसाला साधारण अर्धा सेकंद मागे. पितळी दांडा असेल तर पाऊण सेकंदाच्या वर. आपल्याकडे घरातलं तापमान हिवाळ्यात २० आणि मे महिन्यात ३५ धरा. १५ अंशांचे झाले सात-आठ सेकंद रोजचे, म्हणजे आठवड्याला जवळपास मिनिट. तुमचं याहून जास्त चुकत असेल तर दोष उन्हाचा नाही, तेल सुकलंय किंवा घड्याळ भिंतीवर तिरकं लागलंय.

लंबकाखालची चाकी फिरवून वेळ लावता येते, पण ती जपून. सेकंदाला एक टोक गाठणारा लंबक ९९ सेंटिमीटरच्या आसपास असतो. त्यात एक मिलिमीटरचा फरक म्हणजे दिवसाला ४३ सेकंद. घरच्या घड्याळाचा दांडा वीतभरच असतो, तिथे तोच मिलिमीटर तीन-चार मिनिटांना पडतो. लोक दोन आटे फिरवतात आणि मग आमच्याकडे येतात.

केळीवाला_रावेर
म्हणजे उन्हाळ्यात उशिरा उठलं तर दांडा लांबला म्हणायचं. घरी सांगून बघतो.

रेवा_धुळे
गिरणाकाठ, प्रश्न छान आहे. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवते, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे, माफ करा.

घड्याळं वेगळी होतीच. लंडनच्या जॉर्ज ग्रॅहॅमनं १७२१ मध्ये लंबकाच्या गोळ्याऐवजी पाऱ्याची बरणी लावली. उष्णतेनं दांडा खाली लांबतो, पारा बरणीत वर चढतो, आणि वजनाचा मध्य जिथल्या तिथे राहतो. १७२६ च्या सुमारास जॉन हॅरिसननं पितळ आणि पोलादाच्या नऊ कांबी आलटून पालटून बसवून जाळीचा लंबक केला. पितळ जास्त वाढतं आणि ते वरच्या दिशेनं वाढेल अशी मांडणी केली की पोलादाची वाढ खोडली जाते. शेल्टन हा ग्रॅहॅमच्या तालमीतला कारागीर.

पण खरं उत्तर यात नाही. वेधशाळेतलं घड्याळ कधीच चुकत नाही असं कोणी मानत नव्हतं. ते रोज सारखंच चुकतं का, एवढंच बघायचे. रोज दीड सेकंद पुढे जाणारं घड्याळ उत्तम. आज अर्धा पुढे, उद्या अर्धा मागे जाणारं टाकाऊ. घड्याळाची चाल वहीत लिहून ठेवलेली असायची आणि काटे शक्यतो हलवायचे नाहीत. दर रविवारी काटे सरकवून तुम्ही नेमका पुरावा पुसताय!

आणि चाल कळायची कशी? ताऱ्यांवरून. उत्तर-दक्षिण रेषेतच फिरणारी एक दुर्बीण दगडी खांबावर पक्की केलेली असते. मद्रासच्या वेधशाळेची इमारत १७९२ ची, तिथला ग्रॅनाइटचा खांब १० टनांचा. दुर्बिणीच्या दृष्टिपथात बारीक उभे धागे ताणलेले. निरीक्षक घड्याळाकडे एकदा बघून सेकंद मनात घेतो, मग डोळा दुर्बिणीला आणि कान टिकटिकीला. मोजत राहायचं: चौदा, पंधरा, सोळा... सोळाव्या टिकेला तारा धाग्याच्या अलीकडे होता, सतराव्याला पलीकडे गेला. अलीकडचं अंतर किती, पलीकडचं किती यावरून दशांश ठरवायचा. अशा पाच-सात धाग्यांची सरासरी. ओळखीचा तारा किती वाजता मध्यावर यायला हवा ते कोष्टकात असतं. फरक म्हणजे घड्याळाची चूक. रोजच्या चुकीतला फरक म्हणजे चाल.

चाळीसगावकर
हे सगळं चाळीसगावजवळच्या आपल्या पाटणला साडेआठशे वर्षांपूर्वी झालंय. भास्कराचार्यांचं नाव कोणी घेतलं नाही अजून, आश्चर्य आहे. पाटणादेवीच्या परिसरातला शिलालेख जाऊन बघा. आपल्याकडे घटिकापात्र होतंच, लंबकाची गरज काय होती?

तापीकाठचा_टवाळ
आलं का पाटण! पन्नासाव्या प्रतिसादापर्यंत येईल वाटलं होतं.

रेवा_धुळे
चाळीसगावकर दादा, शिलालेखाचा मान आहेच. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याला १२०७ मध्ये देणग्या मिळाल्या, हे त्यात कोरलेलं आहे. एका माणसाच्या गणितासाठी खानदेशात पाठशाळा निघाली ही गोष्ट मला तरी लंबकाहून मोठी वाटते.

पण घटिकापात्र म्हणजे बुडाला भोक पाडलेलं भांडं. पाण्यावर सोडलं की २४ मिनिटांत भरून बुडतं. पाणी गरम-गार झालं, भोकात गाळ बसला की वेळ बदलली. मुहूर्ताला ते पुरेसं होतं. ताऱ्याचा दशांश सेकंद हे त्याचं कामच नव्हतं. भास्कराचार्यांनाही यंत्रांचं फार कौतुक नव्हतं. सिद्धांतशिरोमणीच्या यंत्राध्यायात शंकू, घटी, चक्र, फलक अशी यंत्रं सांगून शेवटी 'धीयंत्र' श्रेष्ठ म्हणतात. म्हणजे बुद्धी. जुन्या घड्याळाची चूक वहीत लिहून हिशोबात वजा करणारा मद्रासचा निरीक्षक त्यांना पसंत पडला असता.

चाळीसगावकर
धीयंत्राचा मुद्दा मान्य. पण पाऱ्याच्या बरणीपेक्षा पाण्याचं भांडं गरिबाला परवडतं हेही लिहा.

मंदा_साक्री
भास्कराचार्यांच्या मुलीच्या, लीलावतीच्या घटिकापात्रात मोती पडून मुहूर्त टळल्याची दंतकथा आठवली. लंबकाचं घड्याळ असतं तर बिचारीचं लग्न वेळेवर लागलं असतं.

घड्याळजी_अमळनेर
रेवाताई, तुम्ही लंबकावरच बोललात. अर्धी करामत दात्याच्या चाकाची आहे. कोणाकडे जुनं घड्याळ सेकंदकाट्यासकट असेल तर जवळ जाऊन बघा. 'टिक' झाल्यावर काटा किंचित मागे येतो आणि मग पुढे जातो. म्हणजे झोका संपवत आलेल्या लंबकाला चाक आडवं जातंय, त्याच्याशी झोंबतंय. ग्रॅहॅमनं १७१५ च्या आसपास त्या चाकाला अडवणाऱ्या अंकुशाचा आकार असा घासला की चाक थांबतं तेव्हा जागच्या जागी थांबतं, मागे रेटलं जात नाही. वेधशाळेच्या घड्याळाचा सेकंदकाटा मारल्यासारखा उभा राहतो, जराही थरथरत नाही. काटा तसा थांबला की घड्याळ भारी, ही आमच्या वडिलांची परीक्षा.

गिरणाकाठ
आमचा मागे येतो! आत्ता स्टुलावर चढून बघितला. बारीक काटा, पण स्पष्ट दिसतं.

भुसावळ_जंक्शन
आता कामाचं बोलतो. मद्रासच्या त्या घड्याळाशी आमच्या स्टेशनाचा संबंध आहे, हे किती जणांना माहीत आहे?

पूर्वी प्रत्येक गावाची वेळ वेगळी. १८७० च्या सुमारापासून रेल्वे मद्रास वेळेवर चालायला लागली, म्हणजे ग्रिनिचच्या ५ तास २१ मिनिटं पुढे. मुंबईची वेळ ४ तास ५१ मिनिटं पुढे. सरळ अर्ध्या तासाचा फरक. भुसावळच्या सूर्याप्रमाणे बघाल तर आपली वेळ ५ तास ३ मिनिटं. म्हणजे गाव एका वेळेवर, गाडी दुसऱ्या, आणि मुंबईहून आलेला माणूस तिसऱ्या. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईकर मात्र १९५५ पर्यंत शहरात आपलीच वेळ धरून बसले होते.

आजही जळगावला सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं ते पाऊण यांच्या मधे काहीतरी वाजलेलं असतं. नंदुरबारला त्याहून पाचेक मिनिटं उशिरा. शाळेत '१२ वाजता सूर्य माथ्यावर' शिकवतात ते आपल्याकडे कधीच खरं नसतं.

केळीवाला_रावेर
म्हणूनच जेवायला उशीर होतो होय!

नकाशावाला
रेल्वेच्या आधी मोजणी खातं. खात्याच्या लॅम्बटननं १८०२ मध्ये मद्रासजवळ नकाशासाठी पहिली पाया रेषा मोजली आणि त्रिकोणांचं जाळं देशभर गेलं. रेखांशाची सुरुवात मद्रास वेधशाळेपासून. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून रेखांश हा वेळेचाच हिशोब. वेळेत एक सेकंद चुकलात तर आपल्या अक्षांशावर जागा जवळपास ४३० मीटर सरकते. तिथल्या घड्याळाची चाल कळली नाही तर अख्खा देश कागदावर पूर्वेला किंवा पश्चिमेला.

तापीकाठचा_टवाळ
आमच्या शेताचा बांध दरवर्षी सरकतो, तो बहुतेक त्याच हिशोबानं.

रेवा_धुळे
नकाशावाला यांना पूर्ण अनुमोदन. माणूसही घड्याळासारखाच चुकतो, त्याची गोष्ट. १७९६ मध्ये ग्रिनिच वेधशाळेचा प्रमुख मास्कलिन यानं किनेब्रुक नावाच्या मदतनिसाला काढून टाकलं. तो ताऱ्याची वेळ साहेबापेक्षा ०.८ सेकंद उशिरा नोंदवायचा म्हणून. पुढे बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञानं दाखवलं की डोळा आणि कान जुळवायला प्रत्येकाला वेगळा वेळ लागतो. त्या बिचाऱ्याचीही एक ठरावीक चाल होती. घड्याळाची वजा केली, माणसाची करायला कोणाला सुचलं नाही.

मंदा_साक्री
नोकरी गेली की हो त्याची. ०.८ सेकंदापायी.

भुसावळ_जंक्शन
मुख्य मुद्दा राहिलाच. सर्वांत अचूक लंबकाचं घड्याळ कोणी केलं? रेल्वेवाल्यानं! विल्यम शॉर्ट, इंग्लंडातला रेल्वे इंजिनिअर. जोडीला घड्याळवाला होप-जोन्स. डिसेंबर १९२१ मध्ये पहिलं घड्याळ एडिंबराच्या वेधशाळेत सुरू झालं. वर्षाला सेकंदभर चूक! खातं कुठलंही असो, रेल्वेवाला वेळेचा पक्का असतो.

तापीकाठचा_टवाळ
हे वाक्य जंक्शनच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून मोठ्यानं म्हणून दाखवा.

घड्याळजी_अमळनेर
शॉर्टचं घड्याळ मला नेहमी अर्धवट वाटतं. त्यात वीज आहे. बॅटरी आणि चुंबकं वापरून घड्याळ चालवायचं आणि लंबकाला श्रेय द्यायचं, हे काही पटत नाही. म्युनिकच्या रिफ्लरनं १८९० च्या दशकात लंबकाच्या टांगणीच्या स्प्रिंगमधूनच धक्का द्यायची युक्ती काढली. दांडा इन्व्हारचा. लोखंड-निकेलचा हा मिश्रधातू गियोमला १८९६ मध्ये सापडला आणि १९२० चं नोबेल मिळालं. तो पोलादाच्या जेमतेम दहाव्या हिश्शानं वाढतो. रिफ्लर दिवसाला सेकंदाच्या शंभराव्या भागात राहायचं. अमेरिकेच्या मानक संस्थेत १९०४ ते १९२९ तेच होतं. कारागिरी म्हणायची तर ती.

रेवा_धुळे
आणि १९२९ मध्ये रिफ्लर काढून काय लावलं? शॉर्ट! :)

घड्याळजी काका, वीज आहे, पण लंबकाला तिचा स्पर्श नाही. लंबकाचे शत्रू म्हणजे उष्णता, हवा आणि त्याच्याकडून करवून घेतलेलं काम. उष्णतेला इन्व्हार. हवेला तांब्याचं बंद नळकांडं, आतली बहुतेक हवा काढलेली. उरलं काम. शॉर्टनं लंबकच दोन घेतले. एक नळकांड्यात, त्यानं फक्त झुलायचं. दुसरा बाहेर, तो काटे फिरवतो, मोजणी करतो, सगळी हमाली त्याची. दर ३० सेकंदांनी बाहेरचा लंबक एक हलकी तरफ सोडतो, ती आतल्या लंबकावर स्वतःच्या वजनानं अलगद उतरते आणि त्याला जेमतेम धक्का देऊन घसरते. धक्का वजनाचा, विजेचा नाही. वीज फक्त तरफ पुन्हा उचलून ठेवते आणि बाहेरच्याला निरोप पोचवते.

तो निरोप तर फारच गमतीचा. बाहेरचा लंबक मुद्दाम दिवसाला सहाएक सेकंद हळू ठेवलेला असतो. दर अर्ध्या मिनिटाला बघायचं: मागे पडलाय का? असेल तर एक पातळ स्प्रिंग त्याला अडवून सेकंदाच्या २४० व्या भागानं पुढे ढकलते. नसेल तर सोडून देते. एकदा लागतं, एकदा चुकतं, असं चालू. आमच्या घरी सासूबाई आणि नवरोबा यांच्यात थेट हीच यंत्रणा आहे.

मंदा_साक्री
नळकांड्यात कोण आहे ते नका सांगू ताई.

नकाशावाला
शॉर्टच्या बाजूनं अजून एक. १९८४ मध्ये बुशरॉन नावाच्या संशोधकानं अमेरिकेच्या नौदल वेधशाळेतलं जुनं शॉर्ट घड्याळ पुन्हा चालू करून अणुघड्याळाशी ताडून पाहिलं. चंद्र-सूर्यामुळे गुरुत्वाकर्षणात पडणारा फरक त्याच्या चालीत दिसला! म्हणजे घड्याळ चुकत नव्हतं, चंद्र कुठे आहे ते सांगत होतं. भरती फक्त समुद्राला येते असं आपण तापीकाठचे लोक समजतो.

घड्याळजी_अमळनेर
चंद्राचं मान्य करतो. पण हवा न काढता, साध्या हवेत झुलणाऱ्या लंबकानं काय होऊ शकतं तेही ऐका. हॅरिसननं म्हातारपणी लिहिलं होतं की आपण १०० दिवसांत एका सेकंदाच्या आत राहणारं लंबकाचं घड्याळ करू शकतो. लोकांनी वेड्यात काढलं. त्याच्या तत्त्वांवर मार्टिन बर्जेसनं केलेलं घड्याळ २०१५ मध्ये ग्रिनिचला पेटीत बंद करून १०० दिवस तपासलं. चूक एका सेकंदाच्या आत. अडीचशे वर्षांनी म्हातारा खरा ठरला. मला रिफ्लर, शॉर्ट सगळ्यांपेक्षा हे जास्त आवडतं.

चाळीसगावकर
खरं शे भो!

सातपुडा_भटक्या (नंदुरबार)
उशिरा आलोय. गुरुत्वाकर्षणाचा विषय निघालाच आहे तर एक कल्पना. सेकंदाचा लंबक नंदुरबारला लावायचा आणि मग तोरणमाळला नेऊन लावायचा. उंचीत साडेनऊशे मीटरचा फरक. वर गुरुत्व कमी, म्हणजे घड्याळ मागे पडणार. माझ्या हिशोबानं दिवसाला जवळपास १३ सेकंद. दिवाळीनंतर कोण येतंय?

नकाशावाला
१३ येईल तो फुग्यात बसून गेलात तर. तोरणमाळला पायाखाली साडेनऊशे मीटर बेसाल्ट आहे, तो लंबकाला खाली ओढणारच. सपाट पठार धरलं तर ८ सेकंदांच्या आसपास येतं. सातपुडा काही अथांग पठार नाही, त्यामुळे आकडा ८ आणि १३ च्या मधे कुठेतरी. तेवढं मोजलंत तर आतल्या खडकाबद्दल काही सांगता येईल.

हेच काम मोजणी खात्याच्या कॅप्टन बासेवीनं १८६५ पासून केलं. लंबक घेऊन समुद्रकाठापासून हिमालयापर्यंत गेला. पर्वताच्या एवढ्या वस्तुमानानं जितकं गुरुत्व वाढायला हवं तितकं वाढत नाही, पर्वताखाली काहीतरी हलकं आहे, हे त्याच्या मोजणीतून पक्कं होत गेलं. १८७१ मध्ये लडाखच्या थंडीत, काम चालू असतानाच तो वारला.

सातपुडा_भटक्या
मग ८ ते १३. पैज चहाची. आपण लडाखला जात नाही, तोरणमाळला जातोय.

केळीवाला_रावेर
घड्याळ लंडनहून आणलं तर?

रेवा_धुळे
पृथ्वी विषुववृत्ताशी फुगलेली आणि फिरणारी, म्हणून लंडनला बरोबर चालणारं घड्याळ जळगावला लावलं तर दिवसाला पावणेदोन ते दोन मिनिटं मागे पडेल. रिशे या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाला हे १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या केयेनला कळलं. तिथे त्याचं पॅरिसचं घड्याळ रोज अडीच मिनिटं मागे. दोष घड्याळाचा नव्हता, पृथ्वीच्या आकाराचा होता.

गिरणाकाठ
प्रयोगाला आमचं घड्याळ चालेल का? काका तयार आहेत. काटे न सरकवता आठवडाभर रोज रात्री मोबाईलशी ताडून वहीत लिहिलं. चूक मोठी आहे, पण बरीचशी सारखी निघाली.

घड्याळजी_अमळनेर
चालेल, पण लंबक काढून वेगळा न्या आणि टांगणीची पट्टी कागदात गुंडाळा. तिला घडी पडली की खेळ खल्लास. वर गेल्यावर भिंतीला पक्कं लावा. लाकडी फळीला लावलंत तर लंबकाबरोबर फळीही हलते आणि चाल बिघडते. पोचल्याबरोबर मोजू नका, रात्रभर चालू द्या.

रेवा_धुळे
आणि थर्मामीटर पेटीच्या आत, लंबकाच्या मधोमध. तोरणमाळ खालच्यापेक्षा सहा-सात अंशांनी थंड असेल, तर पोलादी दांडा आखडून दिवसाला तीन-साडेतीन सेकंद पुढे जाईल. ते धरले नाहीत तर तुमच्या ११ चे ८ दिसतील आणि नकाशावाला फुकट चहा पितील. दोन्हीकडे निदान तीन-तीन दिवस, रोज ठरल्या वेळी, एकाच माणसानं नोंद घ्यायची. माणूस कोण ते आधी ठरवा, किनेब्रुक नको.

भुसावळ_जंक्शन
मी घेतो नोंदी. रेल्वेवाला आहे.

तापीकाठचा_टवाळ
मग ०.८ सेकंद नाही, चाळीस मिनिटं वजा करायची तयारी ठेवा.